माझा नंबर लागेल का?

पदवीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. पूर्वी तो डी.एड., आय.टी.आय. किंवा फार तर इंजिनीअरिंगबद्दल असे. हल्ली तो एम.बी.ए.बद्दल असतो. "काका, माझा नंबर लागेल का?" मुले विचारतात आणि त्यांच्यामागे उभे असलेले आईवडील माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

मी एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. २००२ साली बी.कॉम. झालो आणि घरची परिस्थिती पाहून लगेच नोकरीला लागलो. एम.बी.ए.चा वर्ग मी आतून पाहिलेला नाही. पण गेली दहा-बारा वर्षे आमच्या कल्याणच्या वस्तीतील अभ्यासिकेत दर रविवारी मुलांचे अर्ज भरून देणे, दाखले तपासणे हे काम करीत आलो आहे. त्या कामात जे कळले ते समाजबांधवांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

नंबर लागेल का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले क्लासवाल्याचे. "तुला कसली काळजी? तुझ्या कॅटेगरीत आरामात होऊन जाईल." दुसरे घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींचे. "ते मोठ्यांच्या पोरांचं काम. तू आपली भरतीची तयारी कर." पहिले उत्तर मुलाला गाफील ठेवते, दुसरे त्याचे हातपाय गाळते. आणि गंमत अशी की दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी त्या मुलाची गुणपत्रिका उघडूनसुद्धा पाहिलेली नसते. जात ऐकली आणि उत्तर दिले, एवढाच काय तो प्रकार. बाहेरच्यांनी असे केले तर आपण चिडतो. घरात झाले तर त्याला अनुभवाचे बोल म्हणतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की नंबर लागेल की नाही, हे हिशेबाने काढता येते. अगदी पैशापर्यंत बिनचूक नव्हे, पण बाजारात जाण्यापूर्वी खिशात किती आहेत हे कळावे इतपत निश्चित. त्यासाठी वहीच्या पानावर चार रकाने आखावेत. मिळालेले गुण, मिळवायचे गुण, कागदपत्रे आणि पैसा.

तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी संध्याकाळी वस्तीतली एक मुलगी आईवडिलांना घेऊन माझ्या घरी आली. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई चार घरची कामे करणारी. मुलगी बी.कॉम. झालेली, राज्याची एम.बी.ए.ची सीईटी दिलेली, आणि ८६ पर्सेंटाइल मिळालेले. एका खासगी महाविद्यालयातून तिला फोन आला होता. "व्यवस्थापन कोट्यातली जागा आहे, शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरा, नाहीतर जागा जाईल." आईने पदराच्या गाठीतून कानातले आणि एक पोत काढून टेबलावर ठेवली. "भाऊ, हे मोडलं तर होईल का?" दोन दिवसांत निर्णय घ्यायचा होता. आम्ही वही काढली.

पहिला रकाना मिळालेल्या गुणांचा. दहावी, बारावी आणि पदवी. हे आकडे आता बदलत नाहीत, म्हणून ते आधी लिहायचे. राज्याच्या प्रवेशासाठी पदवीला खुल्या गटात ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४५ टक्के लागतात. आय.आय.एम.च्या कॅट परीक्षेलाही अनुसूचित जाती-जमातींसाठी ४५ टक्क्यांचीच अट आहे. तेवढ्यावर परीक्षेला बसता येते. परंतु अहमदाबाद, बंगळूर यांसारख्या संस्था मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांनाही वजन देतात. राज्याच्या सीईटीत तसे नाही. तिथे मुलाखतही नाही, सीईटीच्या गुणांवर यादी लागते.

हा फरक माहीत नसल्यामुळे मुलांची वर्षे जातात. आमच्याच अभ्यासिकेतला एक मुलगा, दहावीला ५४ टक्के, पण पुढे मेहनतीने चांगली पदवी घेतलेला. त्याने दोन वर्षे फक्त कॅटचा ध्यास घेतला होता. पर्सेंटाइल बरे यायचे, पण ज्या संस्थांना अर्ज करायचा त्या दहावीचे गुण मोजणाऱ्या. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की त्याच मेहनतीवर सीईटीच्या यादीत त्याचे नाव वर लागेल. तिसऱ्या वर्षी त्याने सीईटी दिली आणि पुण्यातल्या एका चांगल्या संस्थेत दाखल झाला. दहावीत घरी लाईट नव्हती, ही गोष्ट कोणत्याही फॉर्मवर लिहायला जागा नसते. ज्या दारावर दहावीचा हिशेब मागत नाहीत ते दार आपण शोधायचे.

दुसरा रकाना मिळवायच्या गुणांचा. इथे आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण पुष्कळ पालक त्याला टक्केवारी समजतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले साधारण नव्वद उमेदवार तुमच्या मागे. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. म्हणजे ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे अंदाजे २९ हजार जण उभे, आणि ९९ वाल्याच्या पुढे २,९०० च्या आसपास. हा आकडा जातीवार निघत नाही, सगळ्या परीक्षार्थींमधून निघतो. उलट गुणांकडे पाहिले तर धीर येतो. गेल्या काही वर्षांत कॅटमध्ये एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणांवरही ९९ पर्सेंटाइल आलेले आहे. सगळे प्रश्न सोडवावे लागत नाहीत, सोडवलेले बरोबर यावे लागतात. चुकलेल्या पर्यायी उत्तराला एक गुण कापतात.

कॅटमध्ये इंग्रजी वाचन, माहितीचे विश्लेषण आणि गणित असे तीन विभाग असतात. प्रत्येकाला ४० मिनिटे. संस्था एकूण पर्सेंटाइल पाहतात तसे प्रत्येक विभागाचे किमान पर्सेंटाइलही पाहतात. मराठी माध्यमातून आलेली आपली मुले गणितात मार खात नाहीत, ती अडकतात पहिल्या विभागात. सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीला गुण कापत नाहीत, आणि इंग्रजीचे प्रश्न ५०. विभागवार किमान गुणांची अट नाही. तर्काच्या प्रश्नांत पुढे असलेल्या मुलाला इथे इंग्रजीची उणीव भरून काढता येते. म्हणून एकाच मुलाची संधी दोन परीक्षांत वेगवेगळी असते. दोन्ही द्याव्यात, पण अंदाज वेगवेगळा बांधावा.

अंदाज कशावर बांधायचा? सराव परीक्षांवर. मुले सर्वांत चांगला आलेला आकडा लक्षात ठेवतात आणि तोच सगळ्यांना सांगतात. मी त्यांना शेवटच्या पाच सराव परीक्षांचे आकडे चढत्या क्रमाने लिहायला लावतो आणि मधला घ्यायला सांगतो. तो आपला खरा आकडा. मग प्रवेशाच्या याद्या उघडायच्या. राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गाची जागा, किती पर्सेंटाइलला बंद झाली हे जाहीर करतो. त्यात सांकेतिक अक्षरे असतात. सुरुवातीला 'जी' असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर महिलांची. मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, म्हणून मुलींनी दोन्ही ओळी वाचाव्यात. एका वर्षाचा आकडा फसवा असतो, तीन वर्षांचे पाहावेत.

इथेच क्लासवाल्याच्या "कॅटेगरीत आरामात" या बोलण्याचा समाचार घेतला पाहिजे. आय.आय.एम.मध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के जागा, राज्यात १३ टक्के. शंभर जागांमागे तेरा. त्या तेरा जागांसाठी राज्यभरातून आपलीच मुले झगडत असतात. संस्था जाहीर करते ती किमान पात्रता म्हणजे उंबरठा. त्यावर उभे राहिले म्हणजे पंगतीत पान वाढले असे होत नाही. प्रत्यक्ष बोलावणे बहुधा त्याच्या बऱ्याच वर थांबते. आणि राखीव यादी हीसुद्धा गुणवत्ता यादीच असते, हे हिणवणाऱ्यांनी आणि खाली मान घालणाऱ्यांनी, दोघांनीही ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट. राज्याच्या प्रवेशफेरीत प्रवर्ग लिहिला म्हणून खुल्या जागेवरचा हक्क जात नाही. गुण तेवढे असतील तर आपल्या मुलालाही खुली जागा मिळते, आणि राखीव जागा मागच्या मुलासाठी शिल्लक राहते.

त्या बुधवारी आम्ही मुलीच्या ८६ पर्सेंटाइलवर याद्या लावल्या. जमनालाल बजाज आणि सिडनहॅम दूर होते. जमनालाल बजाजची खुल्या गटातली यादी तर ९९.९ च्या वर थांबते. ते तिला आधीच ठाऊक होते. पण मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली आठ महाविद्यालये अशी निघाली, की तिन्ही वर्षी तिथली अनुसूचित जातीची शेवटची जागा तिच्या आकड्याच्या खाली बंद झालेली. त्या आठांत एक नाव वाचून ती थबकली. पन्नास हजार मागणारे महाविद्यालय तेच होते.

तिसरा रकाना कागदपत्रांचा. मी कारकून असल्यामुळे असेल, पण मला हा रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुण आहेत, जागा आहे, आणि एका कागदासाठी ती गेली, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते महिन्या-दोन महिन्यांत मिळेल या भरवशावर राहू नये. पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच अर्ज टाकावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या जुन्या दप्तरातील नोंद, जे सापडेल ते जपून ठेवा. चुलत्याला किंवा आतेला वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत जोडा, काम पुष्कळ हलके होते.

आपल्या समाजाची यात एक वेगळी अडचण आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांत मुलांच्या दाखल्यावर अभिमानाने नुसते 'बौद्ध' लिहिले गेले. त्यात गैर काहीच नाही. परंतु सवलत मिळते ती मूळ अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांना, आणि ते कागदावर दिसावे लागते. केंद्राच्या सवलती तर आपल्याला १९९० च्या कायदादुरुस्तीनंतरच लागू झाल्या. म्हणून आय.आय.एम.सारख्या केंद्रीय संस्थेसाठी दाखला त्यांनी मागितलेल्या नमुन्यातच घ्यावा. राज्याच्या नमुन्यातला दाखला दाखवून ऐनवेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. शेवटच्या वर्षाची केटी राहिली असेल तर तीही याच रकान्यात लिहावी.

चौथा रकाना पैशाचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर राज्याची फ्रीशिप. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. पण अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे आणि शेजारच्या घरातही सांगावे. आय.आय.एम.चा खर्च मोठा आहे. अहमदाबादची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांहून अधिक आहे. पण निवडक नामांकित संस्थांत शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षण योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख आणि जागा मर्यादित. शिवाय अशा संस्थांतल्या प्रवेशावर बँका कर्ज देतात. २०२४ साली मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्जाची सोय आहे. शिष्यवृत्ती खात्यात उशिरा जमा होते, तोवरचा प्रवास, जेवण, लॅपटॉप आणि मुलाखतीचे कपडे यांची तजवीज मात्र घरानेच करायची असते. तीही लिहून ठेवावी.

महाविद्यालय निवडतानाही आकडाच विचारावा. जाहिरातीत सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा छापतात. तो एका मुलाचा असतो. आपण विचारायचे की मधल्या मुलाला किती मिळाले आणि किती जणांना नोकरीच लागली नाही. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजावे.

पुन्हा त्या मुलीकडे येतो. कोट्यातून गेली असती तर दोन वर्षांची सहा लाख फी, सगळी कर्जाऊ. प्रवेशफेरीतून गेली तर शिष्यवृत्ती, कारण वडिलांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत. वैधता प्रमाणपत्र पदवीच्या वर्षांतच काढलेले होते. चारही रकाने समोर होते. वडील एवढेच म्हणाले, "पण फेरीत नाही लागला तर?" हा प्रश्न खोटा नव्हता. याद्या गेल्या वर्षांच्या होत्या, यंदाच्या नव्हत्या. मी त्यांना खात्री दिली नाही, कारण ती माझ्याकडे नव्हती. आठ ठिकाणी संधी आहे, आठही जाण्याची शक्यता फार थोडी, एवढे सांगितले. मुलगी म्हणाली, "आई, ते उचलून ठेव." पन्नास हजार भरले नाहीत.

पुढचे दिवस त्या घराला जड गेले. पसंतीक्रम भरताना तिने आधी मनातली मोठी नावे, मग झुंजीची, मग भरवशाची, असा क्रम लावला. हेच योग्य. पुष्कळ मुले भीतीपोटी भरवशाचे नाव पहिले टाकतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की होते आणि वरचे दार बंद. पहिल्या फेरीत तिचे नाव कुठेच आले नाही. आईने दोनदा मला रस्त्यात थांबवून विचारले, "भाऊ, अजून पोत मोडता येईल ना?" दुसऱ्या फेरीत ठाण्याच्या एका महाविद्यालयात नाव लागले. चौथ्या पसंतीचे, पण नियमित फेरीतले. आज ती एका वित्तसंस्थेत नोकरी करते. घरावर फीच्या कर्जाचा हप्ता नाही.

सिडनहॅमचे नाव वर आले, म्हणून सांगतो. १९८३ पासून त्या नावाने व्यवस्थापन संस्था चालते. तिच्या मूळ सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात परमपूज्य बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण त्यांना पुरे करायचे होते. १९१३ साली कोलंबियाला गेले तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती होती. १९२० साली तशी शिष्यवृत्ती नव्हती. तेव्हा पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, अशी जुळवाजुळव करून ते लंडनला गेले. बाबासाहेबांची विद्वत्ता आपण जयंतीला सांगतो. त्यांनी केलेली ही जुळवाजुळवही मुलांना सांगावी. पैसा किती, मुदत किती, उरले काय, हे त्यांनाही मांडावेच लागले होते.

शेवटी नोकरदार बंधू-भगिनींना एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी जण बँकांत, विमा कंपन्यांत, मंत्रालयात आकड्यांचेच काम करतात. आपल्या विहारात महिन्यातून एक रविवार दोन तास द्या. भाषण नको. एक वही, गेल्या तीन वर्षांच्या याद्या आणि दाखल्यांची तपासणी एवढे पुरे. हे काम जूनमध्ये नको, डिसेंबरमध्ये सुरू करा, म्हणजे राहिलेला कागद काढायला वेळ मिळतो. पालकांनी मुलाला घेऊन यावे आणि येताना गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा. नंबर लागणार नसेल तर तसेही स्पष्ट सांगावे, आणि कुठे लागू शकेल तेही त्याच बैठकीत शोधावे.

जयभीम.